सेगा आपला नाही

मॉरिशस बेटावरचा सेगा हा नाच कोकणातल्या जाखडीपासून निघाला, असं तुम्ही कुठे वाचलं असेल किंवा कुणाच्या भाषणात ऐकलं असेल, तर ते खरं नाही. ते मी रचलेलं आहे. रचायला फार वेळही लागला नव्हता. एका डफाचं कातडं तापायला जेवढा लागतो तेवढाच.

संपादकांनी मला नोकरीतल्या गमतीजमती लिहायला सांगितल्या आहेत. त्या येतीलच. पण माझ्या वयाच्या माणसाने पुढच्या दिवाळीच्या भरवशावर काही राखून ठेवू नये, म्हणून या लेखात मुख्यतः ही एकच गोष्ट सांगणार आहे.

मी एका सरकारी सांस्कृतिक कार्यालयाच्या हैदराबाद शाखेत कार्यक्रम अधिकारी होतो. परदेशातून नाचगाण्याची पथकं यायची, दोन-तीन दिवस शहरात राहायची, एकदोन कार्यक्रम करून पुढच्या गावाला जायची. विमानतळावर हार घेऊन उभं राहणं, खोल्या, जेवण, सभागृह, चारमिनारसमोरचे फोटो, लाडबाजारातल्या बांगड्या, बिर्याणीने पोट बिघडलं की डॉक्टर, आणि संध्याकाळी धुतलेला सदरा घालून माइकवर पाहुण्यांची ओळख करून देणं, हे सगळं एकाच माणसाचं काम. तो माणूस मी.

एकदा एका बर्फाळ मुलखातले गायक भर मे महिन्यात आले. त्यांचे पोशाख लोकरीचे आणि पारंपरिक, म्हणजे काढता येणार नाहीत असे. आम्ही विंगेत बर्फाच्या लाद्या ठेवून त्यांच्यामागे पंखे लावले. एक गाणं झालं की मुख्य गायक विंगेपाशी जाई, लादीवर दोन्ही तळवे टेकवून डोळे मिटून उभा राही. पहिल्या रांगेला हे दिसत होतं. त्यांना तो एखादा विधी वाटला आणि काही जणांनी हात जोडले. मी कुणालाही काही सांगितलं नाही.

दुसऱ्या एका पथकाची बाहुल्यांची पेटीच विमानात मागे राहिली. त्यांनी बोटांना रुमाल गुंडाळून खेळ केला. मी माइकवर सांगितलं की ही त्यांच्याकडची सर्वांत जुनी शैली असून आता ती फारशी पाहायला मिळत नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात कौतुक आलं. पथकाचा प्रमुख ते कात्रण सोबत घेऊन गेला.

निवेदक ओळख करून देतो असं लोकांना वाटतं. खरं तर तो वेळ भरून काढतो. पडद्यामागे कुणाचा कमरपट्टा सापडत नसतो, कुणाच्या वाद्याची तार तुटलेली असते, आणि समोर माणसं बसलेली असतात. प्रेक्षक रटाळ बोलणं सहन करतात, उकाडा सहन करतात, रिकामा रंगमंच मात्र सहन करत नाहीत. मला कागद न बघता कितीही वेळ बोलता येई, हा माझा लौकिक होता. कागदच नसल्यामुळे त्यातलं वाचलेलं कुठलं आणि तिथल्या तिथे सुचलेलं कुठलं, हे नंतर मलाही सांगता येत नसे.

मॉरिशसचं पथक आलं तेव्हा मी निवृत्तीला टेकलो होतो. पथकाची प्रमुख गायिका क्लेमाँस. साठीची, समुद्रकाठच्या खेड्यात राहणारी, दिवसा मासे विकणारी आणि सणासुदीला सेगा गाणारी क्रेओल बाई. क्रेओल म्हणजे त्या बेटावर आफ्रिकेतून आणि मादागास्करहून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे वंशज. त्यांच्या भाषेलाही क्रेओलच म्हणतात. क्लेमाँसचा मुलगा वाद्य वाजवायचा, मुली नाचायच्या. त्यांच्याबरोबर दुभाषी म्हणून सुनीता नावाची तिशीची मुलगी होती. तिचे पूर्वज रत्नागिरीकडून ऊस तोडायला त्या बेटावर गेलेले. तिचं मराठी भजनांतून आणि शाळेच्या पुस्तकांतून आलेलं होतं. विमानतळावर मला म्हणाली, "आपण कुशल आहात ना? आम्हांस अत्यंत आनंद जाहला." मी मागे वळून पाहिलं, कुणा ऐतिहासिक माणसाशी बोलतेय की काय म्हणून.

सुनीतामुळेच घोळ झाला, म्हणजे तिच्या नावामुळे. पथकाच्या यादीत एक मराठी नाव आहे हे हैदराबादेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या कानावर गेलं आणि काचीगुड्याच्या सभागृहाबाहेर फलक लागला: 'मॉरिशसची मराठी संध्याकाळ'. मंडळी लेझीम आणि अभंग ऐकायच्या तयारीने आली. अध्यक्ष वसंतराव नल्लकुंट्याचे. घराणं निजामाच्या राज्यातल्या जुन्या शेतकऱ्यांचं, आता व्यापार. नायलॉनच्या पिशवीत शाली घेऊन ते पहिल्या रांगेत बसले. पथकाचे लोक आत शिरताना त्यांनी पाहिले आणि मला बाजूला घेतलं.

"दिगंबरराव, यात मराठी कोण आहे?"

"ती दुभाषी मुलगी."

"ती नाचणार हाय का?"

"नाही."

"मग आमी शाल कोणाला घालायची?"



तेवढ्यात दुसरी अडचण आली. सेगाचं मुख्य वाद्य रावान. परातीएवढा मोठा, उथळ कड्याचा डफ, त्यावर बकऱ्याचं कातडं. वाजवण्याआधी ते विस्तवावर धरून तापवावं लागतं, नाहीतर ओल्या पुठ्ठ्यावर थाप मारल्यासारखा आवाज येतो. सभागृहात विस्तव चालणार नाही असं व्यवस्थापकाने सांगितलं, म्हणून रावान मागच्या अंगणात नेले. हवा दमट होती आणि कातडं चढेना. वॉचमन यादगिरी खोकी आणि सुकलेल्या झावळ्या घेऊन आला. आमच्या गाडीचा ड्रायव्हर सालेह, मूळचा बारकस या अरबांच्या मोहल्ल्यातला, फुंकर घालायला बसला.

यादगिरी म्हणाला, "आमचा डप्पू भी असाच सेकतात सार."

सालेह म्हणाला, "मर्फा भी ऐसाइच. शादी में देखे नै क्या आप?"

दोघांना त्या डफात आपापलं काहीतरी दिसलं. पण दोघांनीही 'असाच' म्हटलं, 'आमचाच' कुणी म्हटलं नाही. शिवाय त्यांच्या हातात माइक नव्हता.

माझ्या होता. पडदा उघडून मी बोलायला लागलो. बेट, समुद्र, उसाचे मळे सांगून झाले. विंगेतून सुनीताने हाताने खूण केली, अजून नाही. मग आपली कोकणातली माणसं करारावर तिथे मजुरीला कशी गेली ते सांगितलं. त्यांनी तिथे गणपती बसवला, जाखडी नेली, पायात चाळ बांधून फेर धरून नाचायचा तो बाल्या नाच, आणि तो तिथे आजही टिकून आहे, हेही सांगितलं. सभागृह जरा सावरून बसलं. इथपर्यंतचं सगळं खरं होतं. मी विंगेकडे पाहिलं. सुनीताने पुन्हा हात हलवला.

मग पुढचं वाक्य आलं. म्हणालो, "उसाच्या मळ्यात आपल्या माणसांनी धरलेला हा फेर शेजारच्या आफ्रिकी मजुरांनी पाहिला, आपलासा केला, आणि त्यातूनच जन्माला आला आज आपण पाहणार आहोत तो सेगा."

टाळ्या पडल्या. वसंतरावांच्या चेहऱ्यावर शालींचा प्रश्न सुटल्याचं समाधान होतं.

खरी गोष्ट अशी आहे. सेगा गुलामांनी घडवला. दिवसभर मालकाच्या शेतात राबून झाल्यावर, मिळेल त्या कातड्यावर थाप मारत, आपल्या वेगवेगळ्या भाषा मोडून तयार झालेल्या एका नव्या भाषेत ते गायले. आपली माणसं त्या बेटावर उतरली ती गुलामगिरी उठल्यावर, त्यांच्या जागी कामाला. तेव्हा सेगा जुना झाला होता. दोन्ही नाच पाहिलेल्या माणसाला तर माझं वाक्य ऐकून हसूच येईल. जाखडीत पुरुष गोल फेर धरून पाय आपटतात, चाळ वाजवतात. सेगात पाय जमिनीवरून जवळजवळ उचलतच नाहीत. बाई आणि पुरुष समोरासमोर, अंगाला अंग न लावता, कमरेत झुलत खाली खाली जातात. पण समोर बसलेल्यांत दोन्ही पाहिलेलं कुणी नव्हतं. मीही दोन्ही पाहिले नव्हते. माझी जाखडी फक्त वाचलेली होती.

क्लेमाँस आली आणि सुरुवातीला तिने वाद्याशिवाय नुसता आवाज लावला. तो आवाज गोड नव्हता. लांबून कुणाला तरी हाक मारावी तसा होता. मग रावान सुरू झाले, घेरदार झगे फिरायला लागले, आणि ज्या बायकांनी येताना नाकं मुरडली होती त्या ठेका धरून बसल्या. आपलंच आहे म्हटल्यावर माणूस किती मोकळा होतो हे मी त्या दिवशी पाहिलं. वसंतरावांनी क्लेमाँसला शाल घातली आणि म्हणाले, "माहेरी आलात." सुनीताने याचं भाषांतर केलं नाही.

ते तिने सकाळी केलं, आणि माझ्या वाक्याचंही. गेस्ट हाउसमध्ये क्लेमाँस उपम्यातल्या मिरच्या वेचून ताटाच्या कडेला मांडत होती. मी नमस्कार करून बसलो. ती माझ्याकडे न बघता सुनीताशी काहीतरी बोलली.

सुनीता म्हणाली, "ती विचारते, आपल्या जहाजात माणसांना साखळ्या होत्या काय?"

"नाही," मी म्हणालो. "करार होते. फसवणूक झाली खूप, पण साखळ्या नव्हत्या."

"ती विचारते, आपल्या माणसांची नावे तीच राहिली काय?"

"हो."

क्लेमाँसने चमचा खाली ठेवला आणि बराच वेळ बोलली. आवाज चढला नव्हता. सुनीताने माझ्याकडे पाहिलं आणि पुस्तकी मराठी सोडून हळूहळू, शब्द शोधत सांगितलं, "ती म्हणते, जमीन मालकाची. ऊस मालकाचा. आमची नावंसुद्धा मालकाने ठेवली. आमचं आम्ही केलेलं एक गाणं होतं. ते काल तुम्ही घेतलं, आणि वर मला कापड दिलं."

मी म्हणालो, "संध्याकाळी तारनाक्याला दुसरा कार्यक्रम आहे. तिथे मी दुरुस्त करतो. शब्द देतो."

क्लेमाँसने मान हलवली आणि उपमा संपवला.

तारनाक्याचा कार्यक्रम विद्यार्थ्यांसाठी होता. मंडळाचं तिथे काही काम नव्हतं. पण सकाळच्या पेपरात 'जाखडीची समुद्रापारची लेक' असा मथळा आला होता आणि तो घेऊन वसंतराव मोठा लवाजमा जमवून हजर झाले. आमच्या दिल्लीच्या साहेबांनी फोनवर शाबासकी दिली होती, असे दुवे शोधायची दृष्टी हवी म्हणून. मी माइकसमोर उभा राहिलो. रावान त्या दिवशी वेळेवर तापले होते, भरून काढायला वेळच नव्हता. नुसतं एक वाक्य मागे घ्यायचं होतं. मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, आणि आदल्या दिवशीपेक्षा चांगलं म्हटलं. पहिल्या दिवसाला डफाची सबब आहे. दुसऱ्या दिवसाला कुठलीच नाही.

क्लेमाँस गायली. तिच्या गाण्यात काही कमी नव्हतं. निरोपाच्या वेळी तिने माझ्याशी हात मिळवला, आणि शाल गेस्ट हाउसच्या खुर्चीवर घडी घालून ठेवून गेली.

पुढचं आपोआप होत गेलं. मंडळाच्या स्मरणिकेत लेख आला, तो वाचून कुणीतरी निबंध लिहिला, निबंधावरून कुणीतरी प्रकरण लिहिलं. त्यात मला 'ज्येष्ठ अभ्यासक' म्हटलं होतं. निवृत्तीनंतर पुण्यात एका चर्चेत मी धीर करून म्हणालो की, या जाखडीच्या संबंधाबद्दल मला शंका आहे. शेजारच्या तरुण प्राध्यापकांनी मला अदबीने समजावलं की आता त्याला भक्कम आधार आहे, आणि आधाराचं पुस्तकही सांगितलं. घरी येऊन पाहिलं तर त्या पुस्तकाचा आधार मी होतो.

यंदा मंडळाने मोठा महोत्सव ठरवला. आता मंडळात हायटेक सिटीकडची, पुण्या-मुंबईहून आलेली मंडळी पुष्कळ. त्यातली अदिती नाच बसवते. तिने पोरांना घेऊन 'जाखडी ते सेगा' असा कार्यक्रम बसवला आणि पाहुणे म्हणून मॉरिशसचं पथक बोलावलं. पथकाची प्रमुख जोसियान, क्लेमाँसची मुलगी. क्लेमाँस वारली होती. निवेदन मीच करावं असा सगळ्यांचा आग्रह. मी अदितीला घरी बोलावलं आणि सरळ सांगितलं.

तिने विचारलं, "काका, म्हणजे काहीच कनेक्शन नाही?"

"उसाचं आहे. नाचाचं नाही."

"पण पोरांचे ट्रान्झिशन्स इतके मस्त बसलेत."

"नाचू दे की पोरांना. फक्त हे त्यातून निघालं असं म्हणू नका."

"बॅकड्रॉप प्रिंटिंगला गेलाय काका. त्यावर तुमचंच वाक्य आहे."

वसंतराव आता काठी घेऊन चालतात. ते म्हणाले, "सोडा हो. कोणाचं काय बिघडायलंय? त्यांना भी आनंद, आपल्याला भी आनंद."

"क्लेमाँसबाईंना आनंद नव्हता."

"त्या हायेत का आता सांगायला?"

मी सुनीताला फोन केला. ती आता तिथे शाळेत मुख्याध्यापिका आहे आणि माझ्यापेक्षा सोपं मराठी बोलते. म्हटलं, जोसियानशी बोलायचंय, तिच्या आईची माफी मागायची राहिली. व्हिडिओवर दोघी शेजारी बसल्या. मी जे बोलायचं ते बोललो. सुनीताने सांगितलं. जोसियानने तोंडावर हात धरला. मला वाटलं रडतेय. ती हसत होती.

"काका," सुनीता म्हणाली, "तुम्हाला ठाऊक नाही का? तुमच्यावर गाणं आहे."

सेगाची एक रीत मला तेव्हाच माहीत असायला हवी होती. गावात कुणी आगाऊपणा केला, खोटं बोललं, की त्याच्यावर सेगा रचतात, आणि त्यावर सगळं गाव नाचतं. भांडण नाही, तक्रार नाही. क्लेमाँसने घरी परतल्यावर माझ्यावर एक रचला होता. तो चांगला जमला. लग्नाबारशात अजून म्हणतात. म्हणजे इकडे मी ज्येष्ठ अभ्यासक होत होतो, तेव्हा तिकडे एक अख्खा किनारा माझ्यावर कमरेत झुलत होता.

मी म्हणालो, "तो इथे म्हणा. महोत्सवात."

सुनीताने विचारलं, "तिथे कुणाला कळेल? क्रेओल आहे."

"मी सांगेन मराठीत. तुम्ही मला अर्थ द्या."

महोत्सवाच्या संध्याकाळी माझ्या मागे माझं वाक्य मोठ्या अक्षरांत लटकत होतं. पोरांचा नाच झाला. छानच झाला. मग मी माइकवर आलो आणि आयुष्यात पहिल्यांदा कागद हातात घेतला. आधी साध्या शब्दांत सांगितलं की मागे लिहिलंय ते खोटं आहे आणि ते मी रचलेलं आहे. सभागृहात जराशी चुळबुळ झाली, मग टाळ्या आल्या. म्हाताऱ्याचा विनय म्हणून. मला याची भीती होतीच. म्हणून मी थांबलो नाही, आता जोसियान जे गाणार आहे त्याचा अर्थ ऐका म्हणालो, आणि वाचलं:

"हैदराबादेत एक बाबा आहे, हातात त्याच्या माइक आहे. म्हणतो, समुद्रात मीठ माझ्या आज्याने टाकलं. म्हणतो, बोकडाला कातडं माझ्या आज्याने दिलं. बाबा, तुझा आजा मोठा कामाचा. म्हणतो, माझ्या आज्याने तुझ्या आजीला रडायला शिकवलं. आजी म्हणते, तो कधी आला गं? तो उतरला तेव्हा माझं रडून झालं होतं."

पहिल्या ओळींना हशा होता, पोरं तर शिट्ट्या मारत होती. शेवटच्या ओळीनंतर हसणं थांबलं. अदिती विंगेत उभी होती. तिने मान वर करून बॅकड्रॉपकडे पाहिलं आणि मग कुणाला तरी हाताने खूण केली. जोसियान गायला लागली तेव्हा पडदेवाला ते कापड गुंडाळून वर ओढत होता, आणि त्याचा एक कोपरा अडकला म्हणून माझं निम्मं वाक्य शेवटपर्यंत तिरकं दिसत राहिलं.

वसंतराव नंतर भेटले. म्हणाले, "विनोदी निवेदन झकास केलंत." मग काठीवर दोन्ही हात ठेवून त्यांनी विचारलं, "ते माहेरी आलात म्हणालो होतो मी. ते भी आहे का गाण्यात?"

"नाही."

"बरं झालं," ते म्हणाले, पण तेवढ्यावर हलले नाहीत. मग आपणहून जोसियानपाशी गेले. शालीची पिशवी या खेपेला हातात नव्हती. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही.

संपादकांना हा मजकूर दिला तेव्हा त्यांनी मूळ गाण्याशी अनुवाद ताडून पाहावा असं मीच सुचवलं. म्हणून एक फरक इथे नोंदवतो. क्लेमाँसच्या गाण्यात माझं नाव कुठेच नाही, नुसता 'माइकवाला बाबा' आहे. वर ते मुळाप्रमाणे दिलं आहे, पण त्या संध्याकाळी मी 'हैदराबादेत एक दिगंबर आहे' असं वाचलं होतं. ती भर माझी. जोसियानला आधी विचारून घातलेली.